देवमनच्या खुंटीवरील हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. मूर्तिजापूरच्या स्टेशन रस्त्यावर खुशालराव यांचे लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान आहे. त्या दुकानाच्या भिंतीवर, कर्ण्यांच्या खाली, एका लाकडी खुंटीस मी टांगलेला असतो. या खुंटीस सर्वजण 'देवमनची खुंटी' असे म्हणतात. देवमन आता येथे येत नाही. तो का येत नाही, हे सांगण्यासाठीच मी आज माझे आयुष्य तुमच्यापुढे उघडे करीत आहे.

माझा जन्म युद्धाच्या काळात, समुद्रापलीकडील एका कारखान्यात झाला. दोन काळ्या वाट्या, त्यांना जोडणारी पोलादी पट्टी आणि प्रत्येक वाटीत लोहचुंबकावर बसविलेला लोखंडाचा पातळ पापुद्रा, एवढाच काय तो माझा देह. विजेचा संदेश आला की तो पापुद्रा थरथरतो व त्यातून ध्वनी निर्माण होतो. युद्धात मी एका तारवाल्या शिपायाच्या डोक्यावर होतो. त्या दिवसांविषयी मी फारसे बोलणार नाही, कारण तेथे जे ऐकले ते मुलांनी ऐकण्यासारखे नव्हते. युद्ध संपले आणि मला मोडीच्या ढिगात विकण्यात आले. असे हातोहात फिरत मी अकोल्याच्या बाजारात आलो व तेथून खुशालरावांनी मला उचलले.

त्याच ढिगातून त्यांनी माझ्याबरोबर आणखी एक हेडफोन आणला होता. त्याच्या कानाशी तपकिरी चामड्याच्या मऊ गाद्या होत्या. आम्ही दोघे एकाच पोत्यातून आलो, म्हणून मी त्यास माझा भाऊ मानीत असे.

आता देवमनची ओळख करून देतो. देवमन हा येथील कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, काम करणारा मनुष्य. जिनाच्या यंत्रांचा घरघराट वीस वर्षे त्याच्या कानांवर आदळत राहिला. शिवाय लग्नसराईत तो बाजाच्या पार्टीत झांज वाजवीत असे. दोन पितळी थाळ्या एकमेकींवर आदळून तो असा ध्वनी काढीत असे की पुढच्या गल्लीतील बैल कान टवकारीत. पुढे छप्पन साली त्याच्या वस्तीने बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली आणि सर्वांनी मिळून ठरविले की यापुढे दुसऱ्यांच्या दारी बाजा वाजवावयाचा नाही. देवमनने ते मनापासून मानले. त्याने झांजा स्वच्छ पुसल्या, फडक्यात बांधल्या व आढ्यास लावून ठेवल्या. त्याचा त्याला अभिमान होता. परंतु मित्रांनो, ज्या हातांना झांजेची सवय असते ते हात मांडीवर नुसते पडून राहू शकत नाहीत. त्यातच त्याचे कान जाऊ लागले.

मग तो कामावरून सुटला की खुशालरावांच्या दुकानी येऊन बसे. खुशालराव ग्रामोफोनवर बाजाची तबकडी लावीत आणि यंत्रास हेडफोन जोडून देवमनच्या कानावर चढवीत. आज मला, उद्या माझ्या भावाला, असे चाले. देवमनचे डोळे मिटत आणि मांडीवरील हात आपोआप झांजेसारखे उघडझाप करीत.

अठ्ठावन्न सालच्या एका सायंकाळी खुशालराव त्यास म्हणाले, "देवमनभाऊ, दोनातला एक निवड. शेंदूरजना घाटचे शेषराव हायेत ना, संत्र्याच्या बागेवाले, त्यायले रेडिओसाठी एक पायजे. जो तू ठेवशील तो तुहा. खुंटीवर रायीन, कोनी हात लावनार नाई."

देवमनने या गोष्टीस परीक्षेचे स्वरूप दिले. दुसऱ्या दिवशी तो आढ्यावरच्या झांजा काढून घेऊन आला. त्याच्यासोबत त्याची पत्नी सुंदराबाई व दहा वर्षांची मुलगी ललिता याही आल्या. खुशालरावांनी मायक्रोफोन उभा केला. दाराशी उभे राहून ललिताने आपल्या चिमुकल्या हातांनी झांज वाजविली.

माझ्या भावाच्या चामडी गाद्यांतून झांज आली ती जणू रजई पांघरून आली. माझ्या लोखंडी पापुद्र्यातून मात्र ती जशीच्या तशी, कडा चमकवीत आली. देवमन टाळी वाजवून उठला. "हाच! पितळ बोलून राहिलं यात!"

परंतु सुंदराबाई दूरदर्शी होती. ती म्हणाली, "अवो, आता पोरीले बोलाले लावा अन् मंग ठरवा."

ललिता मायक्रोफोनमध्ये बोलली. भावाच्या वाट्यांतून तिचे शब्द गोल व स्पष्ट आले. माझ्यातून तिचा आवाज पत्र्यावर वाटाणे पडावे तसा आला. मित्रांनो, हा माझा दोष होता. धातूचा ध्वनी मला जमे, मनुष्याचा जमत नसे.

"तपकिरी घ्या," सुंदराबाई म्हणाली. "मानसाचं बोलनं समजते त्यात. झांज आयकून पोट भरते का?"

"मानसं काय, बोलतच रायतात बाप्पा," देवमन म्हणाला. "तू तं इतकी बोलते का बयऱ्यालेही आयकू येते. झांज कोन आयकवीन मले?"

सर्वजण हसले. सुंदराबाईही पदर तोंडाला लावून हसली. माझी निवड झाली. माझा भाऊ शेंदूरजना घाटास गेला आणि मी या खुंटीवर आलो. खोटे कशास बोलू? त्या दिवशी मला गर्व झाला.

पुढे देवमनचे कान आणखी मंदावले. हाक मारली तर त्यास समजेना. तेव्हा ललिताने एक युक्ती काढली. आमच्या वऱ्हाडात पाण्याच्या पितळी तांब्यास गडवा म्हणतात. तिने गडवा घेतला व त्यावर चमच्याने ठोके दिले. दोन ठोके म्हणजे 'बाबा, जेवायला चला'. तीन ठोके म्हणजे 'कोणी आले आहे'. मनुष्याच्या हाकेस बहिरा झालेला देवमन पितळेच्या हाकेस मात्र वळून पाही. रोज दिवेलागणीस ललिता दुकानाच्या दारात येऊन गडव्यावर दोन ठोके देई आणि देवमन मला कानावरून काढून खुंटीस अडकवी. "पोट्टी बलावून राहिली," असे खुशालरावांना सांगून तो निघून जाई. ललिता पंधरा वर्षांची झाली तरी हा नेम चुकला नाही.

पुढे ती शिक्षिका होण्याचे शिक्षण घेण्यासाठी अमरावतीस राहू लागली. त्यांच्या वस्तीतून इतके शिकणारी ती पहिलीच मुलगी होती. सुटीत ती घरी येई, तेव्हा दोन ठोके पुन्हा सुरू होत.

चौसष्ट सालच्या दिवाळीच्या सुटीत खुशालरावांनी एक जुने टेपरेकॉर्डर यंत्र आणले. सायंकाळी ललिता गडवा घेऊन दारात येताच ते म्हणाले, "ये वं ललिता, यात काई बोल. तुहा आवाज धरून ठेवते हे यंत्र."

"काका, पकडून ठेवते म्हनता, मंग परत देते का नाई?" असे म्हणून ती हसली व मायक्रोफोनजवळ बसली. ती थोडा वेळ बोलली आणि शेवटी, सवयीप्रमाणे, गडव्यावर दोन ठोके दिले.

खुशालरावांनी ती टेप देवमनला माझ्यातून ऐकविली. ठोके येताच देवमनचा चेहरा उजळला. "वा! गडवा झक्क आयकू आला!"

"अन् मी?" ललिताने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारले.

मी त्याच्या डोक्यावरच होतो, म्हणून मला ठाऊक आहे. तिचा एकही शब्द त्यास समजला नव्हता. परंतु मुलीचे मन मोडू नये म्हणून तो म्हणाला, "तू तं घरचीच हायेस. तुहा आवाज मी केव्हाई आयकीन."

मित्रांनो, 'केव्हाही' या शब्दासारखा फसवा शब्द मी माझ्या आयुष्यात दुसरा ऐकला नाही.

पुढील पावसाळ्यात अमरावतीस विषमज्वराची साथ आली. ललिता नऊ दिवस दवाखान्यात होती. तार मिळून देवमन व सुंदराबाई पोहोचली तेव्हा ती कोणास ओळखत नव्हती. दहाव्या दिवशी ती गेली. तिचे वय सतरा वर्षांचे होते.

दीड महिना देवमन दुकानाकडे फिरकला नाही. मग एके दुपारी तो सुंदराबाईसह आला व म्हणाला, "खुशालराव, ते लावा."

खुशालरावांनी टेप लावली. देवमनने मला दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. इतके घट्ट की माझ्या पोलादी पट्टीस वेदना झाल्या. मी माझे सर्व बळ एकवटले. मी माझ्या पापुद्र्यास विनविले की आज एकदा, केवळ एकदाच, मनुष्यासारखा बोल. परंतु पत्र्यावर वाटाणेच पडत राहिले. मग दोन ठोके आले, स्वच्छ, लखलखीत.

"आवाज वाढवा," देवमन म्हणाला. आवाज वाढविला. "अजून." अजून वाढविला. शेवटी सुंदराबाईने मला त्याच्या डोक्यावरून काढून आपल्या कानास लावले. ती ऐकत गेली व तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत गेले. मग त्याच्या कानाशी ओरडून तिने सांगितले, "ते म्हनते, बाबा, मास्तरीन झाली का पयल्या पगारात तुमाले नवीन कोट घीन. जुन्याची बाही फाटली, ते काहून शिवत नाई म्हनते!"

देवमनने आपल्या फाटक्या बाहीकडे पाहिले. तो म्हणाला, "शबद समजले. पन हा तं तुहा आवाज हाय, सुंदरा. तिचा कुठी हाय?"

खुशालरावांनी टेप कर्ण्यातूनही लावून पाहिली, परंतु तेथेही पत्राच वाजला. मग देवमनला माझ्या भावाची आठवण झाली. तो त्याच आठवड्यात शेंदूरजना घाटास गेला. तेथे शेषरावांनी त्यास सन्मानाने बसविले, संत्री दिली व शोधाशोध केली. माझ्या भावाची तार उंदरांनी कधीच कुरतडली होती. एक वाटी हरवली होती. दुसरीतील लोहचुंबक घरातील बाया सांडलेल्या सुया वेचण्यासाठी वापरीत होत्या.

"मले काय ठाव, देवमनभाऊ," शेषराव हात जोडून त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "तुमी एक चिठ्ठी टाकली असती तं मी जीवावानी जपलं असतं."

देवमन ती एक वाटी घेऊन परतला. खुशालरावांनी तिला नवी तार जोडून दोन दिवस खटपट केली. माझा भाऊ काही बोलला नाही.

त्यानंतर देवमनने तिचा आवाज शोधणे सोडून दिले. तो रोज दिवेलागणीस येई, मला कानावर चढवी व टेप संपेपर्यंत स्वस्थ बसे. दोन ठोके आले की मला खुंटीस अडकवून म्हणे, "पोट्टी बलावून राहिली," आणि घरी जेवावयास जाई. घरी सुंदराबाई ताट वाढून बसलेली असे. असे दोन वर्षांहून अधिक काळ चालले. ज्या धातूच्या ध्वनीसाठी त्याने मला निवडले, तेवढाच मी त्यास देऊ शकलो.

परंतु टेप ही वस्तू झिजणारी आहे. ती तुटे, खुशालराव ती चिकटवीत, प्रत्येक वेळी बोटभर तुकडा कमी होई. सदुसष्टच्या अखेरीस एके सायंकाळी ती नेमकी ठोक्यांच्या जागी तुटली, चाकात गुंतली आणि तिचा चुरा झाला. देवमनचे डोळे मिटलेले होते. तो मला कानावर घेऊन तसाच बसून राहिला. चाक रिकामे फिरत होते. खुशालरावांस त्याच्या खांद्यास हात लावण्याचा धीर होईना.

दिवे लागून बराच वेळ झाला तरी तो घरी आला नाही, म्हणून सुंदराबाई पाहावयास निघाली. तिच्या हातात तोच गडवा होता. ललिता गेल्यापासून तिने त्यावर चमचा लावला नव्हता. दारात उभी राहून तिने रिकामे फिरणारे चाक पाहिले, मिटलेले डोळे पाहिले आणि तिला सर्व समजले. तिने गडव्यावर दोन ठोके दिले.

देवमन हलला नाही. तिने पुन्हा दोन ठोके दिले, जोराने. तरीही तो हलला नाही.

मित्रांनो, तो कसा हलणार? ललिताच्या वेळी माझ्या आडूनही त्यास ठोके ऐकू येत, परंतु आता त्याचे कान पार मंदावले होते. त्याच्या कानांवर मी होतो. पितळेची खरी हाक दारात उभी होती आणि तिच्या वाटेत मी आडवा बसलो होतो. मला ओरडता येत नव्हते, उतरता येत नव्हते.

मग सुंदराबाई पुढे आली. तिने आपल्या हातांनी मला त्याच्या कानांवरून अलगद काढले आणि त्याच्या कानाजवळ गडवा धरून दोन ठोके दिले. देवमनने डोळे उघडले. त्याने तिच्याकडे पाहिले, गडव्याकडे पाहिले. मग तो गडवा तिच्या हातून स्वतः घेतला, छातीशी धरला आणि तिच्या मागोमाग निघून गेला. त्या दिवसापासून तो येथे आलेला नाही. मला खुंटीवर ठेवले ते खुशालरावांनी.

मला दुःख आहे, परंतु राग नाही. माझ्या वाट्यांत धूळ साचली आहे, तीही कोणी पुसावी असा माझा आग्रह नाही. तुमच्याजवळ माझे मागणे एवढेच आहे. मित्रांनो, तुम्हीही पुढे कधी माझ्यासारखी वस्तू निवडाल. तेव्हा तिच्यातून बाजा कसा वाजतो हे अवश्य पाहा, परंतु तुमच्या घरचे मनुष्य तिच्यातून कसे बोलते, हेही एकदा ऐकून घ्या. आणि ती कानांवर चढविण्यापूर्वी एकदा दाराकडे वळून पाहा. कदाचित तेथे कोणी गडवा घेऊन उभे असेल.