उशिरा तळलेल्या पुऱ्या

प्रियदर्शिनी सिंगापुरातल्या दुसऱ्या टोकाहून, मरीन परेडहून, पांढऱ्या साडीत आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. वर्षावासाचे तीन महिने आम्ही दोघींनी अष्टशील, म्हणजे उपासकांचे आठ नेम, पाळलं. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. ती बारीक झाली, कंबर दिसायला लागली. माझा पांढरा ब्लाउज मात्र परवा पुन्हा उसवून घ्यावा लागला. बायका म्हणतात, "प्रियदर्शिनीची श्रद्धा अंगावर दिसते हो." मग माझ्या अंगावर काय दिसतं? साबुदाणा वडे?

आज वर्षावासाची शेवटची पौर्णिमा, आणि भोजनदान माझ्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर. सकाळी भंतेजींकडून आम्ही शेजारी बसून शील घेतलं. खोटं बोलणार नाही, अवेळी जेवणार नाही, सगळं म्हटलं मी. डोळे तिच्या बारीक दंडावर.

ठरवलंच होतं. आज हिने चारचौघींत शील मोडावं, नाहीतर उपाशी बसावं. भंतेजींना वेळेवर वाढलं. बायकांच्या पंगतीच्या पुऱ्या मात्र निवांत तळायला घेतल्या. त्यात मीही उपाशी राहणार होते, पण तिची जिरणार असेल तर ते परवडलं.

पंगतीतली स्मिता स्वयंपाकघरात डोकावली. "सुलेखाताई, बारा वाजून गेले की. काय झालं?"

"पीठ सैल झालं गं. परत मळलं."

पीठ चांगलं घट्ट होतं.

मी झारा हातात घेऊनच बाहेर आले, प्रियदर्शिनीपुढे ताट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तू काही आता घेणार नाहीस. बारा वाजले ना."

"घेईन की," ती म्हणाली. "ताई, इथे सिंगापुरात सूर्य डोक्यावर यायला जवळजवळ एक वाजतो. नेम सूर्याचा, घड्याळाचा नाही. भंतेजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं मला. तुम्ही नाही का विचारलंत?"

भंतेजींनी हसून मान डोलावली.

म्हणजे तीन महिने मी बाराला ताट सारून भुकेने तळमळत होते, आणि ही बया त्यानंतरही जेवत होती. तरी बारीक! माझ्यादेखत तिने दोन वाट्या खीर संपवली. मला तर रडूच यायला लागलं.

"पुऱ्या काय टम्म फुगल्यात," ती म्हणाली आणि सरकून तिने शेजारी जागा केली. "बसा ना ताई. अजून वेळ आहे, तुमचं शील नाही मोडायचं."

स्मिता आधी त्या फुगलेल्या पुऱ्यांकडे आणि मग माझ्याकडे बघत होती.

"भूक नाही गं," मी म्हटलं, आणि झारा घेऊन तशीच उभी राहिले.