बेल्मिरोचा नकार

वाल द आमियेरो गावात एखाद्या पदाला पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा माणूस हावरट समजला जातो. आधी दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालायची, मग टाळ्या. चर्चच्या जत्रेचा प्रमुख असाच निवडतात, शिकारमंडळाचा कारभारीही. त्यामुळे अग्निशमन दलाचा अध्यक्ष बेल्मिरो गेली कित्येक वर्षं अगदी मनापासून 'नाही' म्हणत होता आणि गाव ते कौतुकाने ऐकून घेत होतं.

गिनी वसाहतीतल्या युद्धातून तो परतला तेव्हा जेमतेम तेविशीत होता. डावा कान गेला होता आणि गावातून बरोबर गेलेल्यांपैकी कुणीच परत आलं नव्हतं. घरात बसवेना, म्हणून स्वयंसेवकांच्या दलात शिरला. लष्कर सुटलं, पण लष्कराच्या भाकऱ्या भाजणं काही सुटलं नाही. वणवे विझव, विहिरीत पडलेलं गाढव काढ, अडलेली बाळंतीण शहरात पोचव. पुढे तरुण मंडळी फ्रान्सला गेली आणि मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना डायलिसिसला नेणं-आणणं एवढंच मुख्य काम राहिलं. दलाची छोटी गाडी घेऊन तेही बहुतेक बेल्मिरोच करायचा. आता पंचाहत्तरी आली होती. गुडघे बोलत होते, आणि खरं सांगायचं तर त्याला माणसांचाच कंटाळा आला होता.

त्यात देओलिंदाची, त्याच्या बायकोची, नजर चाललेली. डॉक्टर म्हणाला होता, फार तर वर्षभर दिसेल. फ्रान्समध्ये लियाँला मुलीने दोघांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती आणि पलंगावर दोन बॅगा भरून तयार होत्या.

"या वेळी नीट नाही म्हण," रविवारी सकाळी त्याचा टाय बांधता बांधता देओलिंदा म्हणाली.

"नीटच म्हणतो दरवेळी."

"कसलं नीट! नव्या नवरीसारखा म्हणतोस. हे बघ, गुरुवारी बस आहे. आलास तर दोघं, नाहीतर मी एकटी जाते. मला नातवंडांची तोंडं बघायचीत रे, नुसते आवाज नाही ऐकायचे."

प्रार्थना आटोपल्यावर दलाच्या सभागृहात अध्यक्ष निवडायची सभा भरली. भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन आधीच फिरू लागली होती. सभा चालवायला औषधवाला अबिलियो.

"आणखी कुणाचं नाव?" त्याने विचारलं. सगळे छताकडे बघू लागले. "मग आपले बेल्मिरो…"

"नाही," बेल्मिरो म्हणाला.

"झालं सुरू!" पाववाला फिर्मिनो ओरडला. "एक!"

"अरे, मी खरंच नाही म्हणतोय."

"दोन!"

बेल्मिरोने टेबलावर मूठ आपटली. "गाढवांनो, थकलोय मी! तुमचे फोन नकोत मला, तुमची दुखणी नकोत. मला बायकोबरोबर जायचंय. सोडा मला!"

चेस्टनट सोलणारे हात थांबले. क्षणभर त्याला वाटलं, पोचलं. मग फिर्मिनो डोळे पुसत उभा राहिला. "याला म्हणतात माणूस! इतका थकलाय, तरी पाय रोवून उभा आहे!" सगळी सभा उठून टाळ्या वाजवू लागली. अबिलियोने शेजारच्या चिटणिसाला सांगितलं, "लिहा, एकमताने निवड. अध्यक्षांना गहिवरून आलं."

शेवटच्या रांगेत देओलिंदा एकटीच बसून होती. गर्दी पांगल्यावर खुर्च्या चाचपत ती त्याच्यापाशी आली आणि तिने त्याचा हात धरला.

"छान ओरडलास," ती म्हणाली. "त्यांना लिहायचं ते लिहू देत. गुरुवारी आपण बसमध्ये असू. येऊन ओढून नेणार आहेत का?"

हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याला खरोखर हलकं वाटलं. दोघं दाराशी आली. तिथे चाकाच्या खुर्चीत झुल्मिरा बसली होती, गुडघ्यांवर घोंगडी. तिने त्याची बाही पकडली.

"बेल्मिरो, शुक्रवारी डायलिसिसला सकाळी सहाला ना? त्या भाड्याच्या गाडीवाल्याने मागे मला थंडीत बसवून ठेवलं होतं बाबा."

"हो, सहाला," बेल्मिरो म्हणाला.

तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं. देओलिंदाने त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला. घरापर्यंत ती भिंतीच्या आधाराने चालली.

घरी आल्यावर तिने पलंगावरची फक्त त्याची बॅग उघडली आणि एकेक कपडा कपाटात परत ठेवायला लागली. तो दारात उभा राहिला.

"मी झुल्मिराला सांगतो, की…"

"नको. तिला दुसरं कोण आहे?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"चिडलीस?"

"थकले." तिने खणातून हात फिरवला. "इकडे ये. लोकरीचे मोजे इथे. पांढरे सदरे खालच्या खणात. औषधं या डब्यात. नीट बघून ठेव."