त्सुगुमीचं डावं मडगार्ड

मी तोंडाने फटकळ आहे हे शिझुओकातल्या, प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी जोडणाऱ्या सगळ्या मॉडेलवाल्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. चूक दिसली की बोलायचं. नाही बोललं तर मला जेवण जात नाही. कुणाच्या मोटारीच्या काचेवर गोंदाचा डाग, कुणाचं दार तिरकं बसलेलं, कुणी चाकं उलटी लावलेली. प्रदर्शनात मी टेबलाकडे येताना दिसले की लोक आपापल्या गाड्या घाईघाईने फिरवून चांगली बाजू पुढे करतात.

पण माझं नाव झालं ते एका चुकीमुळे. काशिवाबारा या मॉडेल कंपनीची त्सुगुमी. दोन माणसांची बुटकी स्पोर्ट्स गाडी, एकास चोवीस मापाची. खरी गाडी अडुसष्ट सालची, आणि ती काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली. मॉडेलच्या सुट्या भागांचा डबा मात्र शहात्तर साली आला तेव्हा दुकानांत रांगा लागल्या होत्या. त्या मॉडेलचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा उंच आहे. किती? दोन केसांएवढं. हसू नका. सहा हात रंग देऊन, घासून चकाकी आणली की त्यावर ट्यूबलाइटची रेघ पडते. उजवीकडे ती सरळ पळते, डावीकडे जरा उचलली जाते. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही.

हे पहिल्यांदा दिसलं ते मला. मी एकोणीस वर्षांची होते. करवतीने मॉडेलचं कवच मधोमध कापलं, एकेक अर्धुक आरशाला लावून पाहिलं, आणि मॉडेलवाल्यांच्या मासिकाला पत्र लिहिलं. शेवटची ओळ अजून पाठ आहे: ‘साचा कोरणाऱ्याने आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.’ खाली सही, साकुमा मासुमी. मासुमी बाई की पुरुष ते नावावरून कळत नाही, त्यामुळे लोकांना वाटलं कुणी मोठा इंजिनियर असणार. पत्र छापून आलं. पुढच्या महिन्यात कंपनीची माफीही छापून आली. मी ते पान चौकट करून लावलं. तेव्हापासून त्सुगुमी जोडणारा प्रत्येक जण आधी डावं मडगार्ड कानशीने उतरवतो आणि मगच माहितीपत्रकाचं पहिलं पान उघडतो. मी स्वतः एकतीस जोडल्या, एकतीस उतरवल्या.

यंदा एप्रिलच्या शेवटी काशिवाबाराचा विभागप्रमुख नागाकुरा माझ्याकडे आला. चौतीस वर्षांचा, हुशार, पण सदा घाबरलेला. माझ्याकडेच मॉडेल जोडायला शिकलाय, म्हणून मला सेन्सेई म्हणतो.

‘‘सेन्सेई, त्सुगुमी परत काढतोय आम्ही. जुनाच साचा वापरायचाय. फक्त ते डावं मडगार्ड आता साच्यातच दुरुस्त करून टाकायचं. कुठून किती, ते तुम्ही खूण करून द्या. तुमची सही असली की कुणी ब्र काढणार नाही. शुक्रवारी साचा कारखान्यात जातोय.’’

‘‘अठ्ठेचाळीस वर्षांनी डोळे उघडले म्हणायचे तुमचे!’’

‘‘एकदाच होणारं काम आहे, सेन्सेई. पोलादाला कापलं की मागची रेघ परत येत नाही.’’

‘‘येऊच नये ती. कोरली कुणी होती पण ही?’’

‘‘मोचिझुकीसान म्हणून होते. आहेत अजून, मारिकोला राहतात. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्या पत्रानंतर त्यांनी स्वतःच मोटारी सोडल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत आमच्या दुसऱ्या विभागात न्हाणीघरातल्या तांब्या-बादल्यांचे साचे करत होते.’’

‘‘बरं झालं. बादली कशीही असली तरी पाणी राहतं,’’ मी म्हणाले आणि वर हसले. हे मी बोलले, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आता खूण करायची म्हणजे मी काय अंदाजाने करणार? सही माझी जाणार होती. खरी गाडी याइझुच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे असं कळलं. डॉक्टर मुरामात्सु. बुधवारी व्हर्निअर, पुठ्ठे आणि शिशाच्या मऊ तारेचं भेंडोळं घेऊन गेले. ही तार पत्र्यावर दाबत न्यायची, ती वळणाचा आकार धरते, मग अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची. जुनी पद्धत आहे, पण तिच्यासारखं दुसरं काही नाही.

उजवं मडगार्ड गिरवलं. मग डावं. कात्रीने दोन्ही पुठ्ठे कापले आणि डावा उलटा करून उजव्यावर ठेवला.

डावा वर आला.

मला वाटलं, माझाच हात हलला. पुन्हा घेतलं. पुन्हा वर. मग म्हटलं, टायरमध्ये हवा कमी असेल, जमीन कलती असेल. जमिनीचा भरवसा सोडला आणि दोन्ही दारांखालच्या पत्र्यावरून माप धरलं. पाच मिलिमीटर. तिसऱ्यांदा, पाच मिलिमीटर. पाचाला चोवीसने भागा. दोन केस!

‘‘डॉक्टर, ही गाडी कधी ठोकली होती का कुठे?’’ मी विचारलं.

‘‘छे हो! तिला कुणी बोट लावलेलं नाही. पहिल्या पन्नास गाड्या हातानेच ठोकून केलेल्या. या, खालून बघा.’’ त्यांनी बॅटरी दिली. मी सदुसष्ट वर्षांची बाई गॅरेजच्या फरशीवर उताणी झाले आणि चाकाच्या वर बघितलं. आतून हातोडीचे ठसे. उजवीकडे मोठे, लांब लांब. डावीकडे बारीक, एकमेकांना लागून. ‘‘दोन माणसं होती,’’ डॉक्टर वरून सांगत होते. ‘‘एकाने डावी बाजू ठोकायची, एकाने उजवी. माणूस बदलला की पत्रा बदलणारच. आणि ही तर गाडी काढणाऱ्या कंपनीने स्वतःजवळ ठेवलेली गाडी. बंद पडताना वडिलांनी घेतली. तिचे सगळे कागद आहेत माझ्याकडे.’’

त्या कागदांत एक चिटोरं होतं. शोवा पन्नास, नोव्हेंबर, म्हणजे पंचाहत्तर साल. गाडी काशिवाबारा कंपनीला मापं घेण्यासाठी तीन तास दिली. परत मिळाली. शिक्का.

मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले. तीन तास! कुठल्या तरी वाहनतळावर, नोव्हेंबरच्या गारठ्यात, एक माणूस शिशाची तार घेऊन या गाडीभोवती फिरला. हातातल्या नकाशात गाडीची एकच बाजू काढलेली असणार, कारण दुसरी तशीच धरायची असा रिवाज आहे. तरी त्याने दुसरी बाजूही मोजली. ती वेगळी निघाली. मग त्याने ती लाकडात मॉडेलच्या दुप्पट मापाची कोरली, लाकडावरून यंत्राने पोलाद कापलं, पोलादात प्लॅस्टिक ओतलं, आणि एवढ्या हातांतून जाऊन ते दोन केस तसेच्या तसे उरले. मी पिशवीतून मॉडेलचं कवच काढलं, बिनघासलेलं, आणि बॅटरी धरली. उजेडाची रेघ खऱ्या पत्र्यावर जिथे उचलली जात होती, तिथेच ती बोटभर प्लॅस्टिकवर उचलली जात होती. दिव्याच्या मागून सुरू होऊन दारापाशी विरणारी एक अख्खी ओळ होती ती. फुगवटा नव्हताच. पत्रा ठोकणाऱ्या एका अनोळखी माणसाचा हात त्या माणसाने माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि मी तो एकतीस वेळा खरवडून काढला. देवा! माणसाची नजर इतकी असते?

तिथूनच नागाकुराला फोन लावला. ‘‘साचा हलवायचा नाही.’’

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कण्हल्यासारखं म्हणाला, ‘‘सेन्सेई, साहेब ऐकायचे नाहीत. फाइलमध्ये मोचिझुकीसानांच्या हातचा कागद आहे. ‘चूक माझी आहे, साचा सदोष आहे.’ खाली त्यांच्या नावाचा शिक्का. करणाराच सदोष म्हणतो, तिथे मी काय सांगू? त्यांनी तो मागे घेतला तरच काही होईल. उद्या संध्याकाळपर्यंत.’’

गुरुवारी सकाळी मी मारिकोला गेले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मोचिझुकीसानांनी स्वतःच दार उघडलं. बारकासा माणूस, पांढरे शुभ्र केस, डोळ्यांत मोतीबिंदूचं धुकं. चहा त्यांनीच केला आणि एक थेंब न सांडता ओतला. मी चहाला हात लावला नाही. चटईवर कपाळ टेकलं आणि सांगून टाकलं.

‘‘ते पत्र लिहिणारी साकुमा मासुमी मीच.’’

ते म्हणाले, ‘‘अरेच्चा! बाई होय तुम्ही? मला वाटायचं, कुणी मिशीवाला असेल.’’

‘‘शिव्या द्या मला. हसू नका.’’

‘‘शिव्या कशाला? बरोबरच होतं तुमचं. साहेबांनी नकाशा आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं. दोन्ही एकच सांगत होते. माझी नजर गेली होती.’’

‘‘नव्हती गेली! मी काल मोजून आले. तीच गाडी, तीच बाजू. पाच मिलिमीटर. तो कागद मागे घ्या, मोचिझुकीसान. उद्या साचा कापतायत.’’

‘‘लिहून दिलं ते दिलं,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘तुम्ही भल्या आहात. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आलात. पण साचा दुरुस्त होऊ द्या. माझं ते एकच काम वाकडं राहिलंय जगात.’’

माझा पाराच चढला. माफी मागायला आलेली बाई मी, आणि त्या माणसावर ओरडले. ‘‘मी भली? शिझुओकात कुणालाही विचारा! मी आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललेली नाही. हात करा इकडे!’’

पुठ्ठे मी दिलेच नाहीत. त्यांना दिसले नसते. काल तारा मी वाकवलेल्या तशाच लाकडी फळीवर बसवून आणल्या होत्या, दोन्ही शेजारी. त्यांचं बोट धरून उजव्या तारेवर ठेवलं. ते बोट निघालं, हळूहळू, दिव्यापासून दारापर्यंत. मग डाव्या तारेवर. मध्ये ते थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं. मग त्यांनी माझा हात सोडवला आणि दोन्ही हातांनी दोन्ही तारा एकदम चाचपल्या.

‘‘डावीकडचा हलक्या हाताचा,’’ ते पुटपुटले. ‘‘पत्र्याला जास्त वेळ देणारा. त्या दिवशी मला वाटलं होतं, या माणसाला एकदा भेटावं.’’

अठ्ठेचाळीस वर्षं झाली, डोळे गेले, आणि बोटाने त्या माणसाला ओळखलं.

‘‘मग तुम्ही माफी का लिहून दिलीत हो?’’ मी रडतच होते आता, लपवत नव्हते. ‘‘एका दीडशहाण्या पोरीच्या पत्रावरून?’’

‘‘त्या पत्रावरूनच,’’ ते म्हणाले. ‘‘हजारो डबे खपले होते. दोन केस कुणालाच दिसले नाहीत, माझ्या साहेबांनाही नाही. फक्त एकाला दिसले. मी म्हटलं, इतकं बारीक ज्याला दिसतं त्याची नजर चुकणार कशी? दोघांपैकी एकाची चुकलेली असणार. तेव्हा ती माझीच.’’

मी आयुष्यभर ज्याच्या डोळ्यांना नावं ठेवली, त्याने माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून आपले सोडून दिले.

कागद मी लिहिला. साचा बरोबर आहे, त्याला हात लावू नये. त्याखाली मी आणखी एक ओळ घातली, की चूक साकुमा मासुमीची होती, आणि तिच्यापुढे सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला. मोचिझुकीसानांनी खणातून आपला शिक्का काढला, जागा बोटाने चाचपून घेतली आणि अगदी सरळ उमटवला. मी फोनवरून कागदाचा फोटो नागाकुराला पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

‘‘थांबवलं, सेन्सेई. पण आता लोक तुमची टर उडवतील हो.’’

‘‘उडवू देत. आणि त्या माफीचं काय करायचं ते बघ. मासिकात छापलं होतं, तर मासिकातच आलं पाहिजे.’’

फोन ठेवून वळले तर मोचिझुकीसान खोलीत नव्हते. पलीकडच्या खोलीत घरच्या देव्हाऱ्यासमोर गुडघे मोडून बसले होते. बायकोचा फोटो होता तिथे, बिनफुलांचा साधा किमोनो घातलेली, जरा रागीट चेहऱ्याची बाई. त्यांनी ती दोन तारांची फळी फोटोसमोर नैवेद्यासारखी ठेवली आणि घंटी वाजवली. मी दाराबाहेरच थांबले.

‘‘अगं, ऐकलंस का?’’ ते म्हणाले. ‘‘तू तेव्हा म्हणत होतीस, जा, परत एकदा मोजून या. भांडलीस माझ्याशी. मी गेलो नाही. या बाई गेल्या बघ.’’