टोपाच्या तळाचे बारा शब्द

मी पितळेचा टोप. चुलीवर बसून पुष्कळ ऐकलंय, आज थोडं बोलतो.

आंतोनने मला आंगणेवाडीच्या जत्रेत घेतलं आणि बायकोच्या, जुलियानाच्या हाती दिलं. आमच्याकडे भांड्यावर नाव कोरतात, उसनं गेलेलं परत यावं म्हणून. माझ्या काठावरचं नाव मात्र घासून घासून पुसलं गेलं.

त्यांचा मुलगा डायलन जहाजावर नोकरीला. त्याला स्वतःची होडी घेऊन घरी राहायचं होतं. त्यासाठीची कमाई त्याने मोबाईलमधल्या क्रिप्टोत ठेवली, जिथे लोक बँकेवाचून एकमेकांत देतात-घेतात आणि व्याज मिळतं. "सायब नाय, मधी कोणच नाय," तो आईला सांगायचा. "चावी माझी, पैसे माझे."

चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द; ते ज्याला कळतील तो कुठूनही पैसे काढू शकतो. कागद जळतो, म्हणून त्याने ते माझ्या तळाला कोरले. काजळीखाली कोण बघतंय! आईलासुद्धा बोलला नाही.

मग शेजारची यशोदा आली. "जुलियाना, टोप दी गो. माझ्या सर्वेशाच्या हळदीक चाय करूची आसा."

"व्हर गो. पण थांब, असो काळो दिलंय तर गाव माका नावा ठेवीत."

काथ्याने, चिंचेने, राखेने तिने मला असं घासलं की तळ नवरीसारखा उजळला आणि कोरलेले शब्द उघडे पडले. तिला ती कारखान्याची अक्षरं वाटली.

हळद झाली. भांडी परत करताना यशोदेच्या लेकीने, रसिकाने, माझ्या तळाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. "ह्यो टोप कोणाचो? खाली नावा आसत."

कोणीतरी चिडवलं, "एका टोपाक बारा घोव!" बारा नवरे म्हणे! गाव हसला. मुंबईपासून दुबईपर्यंत फोटो फिरला.

सुट्टीवर घरी येऊन डायलनने पाहिलं, तोवर कोणीतरी ते शब्द वापरून सगळं रिकामं केलेलं.

"अरे, कोणाक तरी फोन कर!" जुलियाना म्हणाली.

"कोणाक, आई? मधी कोण नाय."

रसिका रडत आली. त्याने तिला बसवलं. "तुझी चूक नाय गो. टोप उसनो जातलोच. ह्या माकाच कळाक होया व्हतां."

होडी घ्यायची राहिली. आज तो परत जहाजावर निघालाय. मघाशी जुलियाना म्हणाली, "आता पगार खंय ठेवतलंस, ता माका सांगून जा. कळला नाय तरी आयकतलंय."

तुमच्या घरी कोणी असं विचारलं तर वैतागू नका हो. ज्याची चावी त्याचीच राखण, खरं. पण एकट्याची राखण म्हणजे डोळा लागेपर्यंतचीच.

मी त्याच्या आंघोळीचं पाणी तापवतोय. पाणी कधीचं उकळलंय. चुलीपाशी तो सांगतोय, ती विचारतेय, आणि दोघांनाही उठायचं सुचत नाही.