बारीक तार

खवल्यासारखी होती ती प्लास्टिकची चकती, जिताड्याच्या मोठ्या खवल्यासारखी, मध्ये धुरकट आणि कडेला आरपार दिसणारी. मंजुळाने ती तळहातावर घेतली आणि सवयीने अंगठ्याने उलट्या दिशेने घासून पाहिली, जणू खाली मांस असणार होतं. दुकानदार काहीतरी बोलला. तिने मान वर केली तोवर त्याचं बोलणं संपत आलं होतं. भरघोस मिशीखाली ओठांची शेवटची हालचाल तेवढी दिसली.

"हो," ती म्हणाली.

त्याने तारा छेडायची ती चकती तिच्या हातून घेऊन काउंटरवर गिटारच्या शेजारी ठेवली. म्हणजे तीही विकत घ्यायची होती, आणि आपण हो म्हणालो होतो. मग तारांचा एक जादा संच आला, काळ्या रेक्झिनची पिशवी आली, सूर लावायची सहा तोंडांची एक छोटी शिट्टी आली... प्रत्येक वेळी ती मिशी हलायची आणि प्रत्येक वेळी मंजुळा हो म्हणायची. नाही म्हणायला आधी प्रश्न कळावा लागतो. हो कसंही खपतं. गेली काही वर्षं ती या एका शब्दावर जगत आली होती.

डोंबिवलीला ती मुद्दाम आली होती. ठाण्यात असं दुकान नव्हतं असं नाही, पण ठाण्यात टेंभी नाक्यापासून खाडीपर्यंत कुणी ना कुणी भेटलंच असतं, आणि कोळीवाड्यातली जनीची मंजुळा, लग्न न झालेली, केस पिकायला लागलेली, गिटार घेऊन चाललीय ही बातमी तिच्याआधी घरी पोचली असती. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. परशुराम म्युझिकल्स... आत पेट्या, तबले, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या तीन गिटारी. परशुराम स्वतः पेटी दुरुस्त करत बसलेला, तोंड खाली घालून बोलणारा. अशी माणसं सगळ्यात वाईट.

तिने सगळ्यात स्वस्तातली मागितली होती. ती काढून देताना त्याने नशिबाने वर पाहिलं, म्हणून त्याचं बोलणं कळलं.

"कुणासाठी? मुलासाठी?"

"हो."

एवढ्याशा शब्दाने तिला मुलगा झाला. मग तो कितवीत आहे हेही सांगावं लागलं. नववीत, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तो तिला दिसलाही, उंच, मानेवर पावडर लावलेला.

"त्याला सांगा, पहिले पहिले बोटं दुखणार. बोटं दुखली की पोरं सोडतात. मग आई येते इकडे, परत घ्या म्हणून. मी घेत नाही हां, आधीच बोलून ठेवतो."

"तो नाही सोडणार," मंजुळा म्हणाली, इतक्या ठामपणे की त्याच्या भुवया वर गेल्या.

त्याने एकेक तार छेडून दाखवली. जाड तार घुमली, ती छातीतच शिरली. मग दुसरी, तिसरी. शेवटची बारीक तार त्याने छेडली तेव्हा रस्त्यावरून रिक्षा जात होती. म्हणजे जात असावी, कारण दाराशी उजेड हलला. ऐकू आलं का? आलं असेल. नाही आलं तर रिक्षामुळे. घरी शांतपणे पाहू... मी घरी पाहीन, कुणी नसताना.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तिला समोर बसवून, कागदावर लिहावं तसं सावकाश सांगितलं होतं. कानाची नस सुकली. मशीनच्या आवाजाने. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायचं तर मशीन सोडा. वागळे इस्टेटमधल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती डब्यांची झाकणं पाडणाऱ्या प्रेसवर होती, लागली तेव्हा परकर-पोलक्यातून नुकती साडीत आलेली. तिथे कुणीच कुणाला ऐकत नसे. बायका ओठांनी बोलत, हातांनी बोलत, मशीनच्या ठोक्यांवर डोकं डोलवत हसत. त्यामुळे आपलं कधी गेलं हे तिला समजलंच नाही. ती सगळ्यांसारखीच होती. आणि घरी? कोळीवाड्यात हळू बोलतं कोण... दारातून दारात, ओट्यावरून होडीपर्यंत सगळा कारभार हाकांवर चालायचा. तीही मोठ्याने बोलू लागली तेव्हा लोक म्हणाले, जनीवर गेली. जनी म्हणजे तिची आई, जिची "ताजी बोंबीऽऽल" ही आरोळी पुढच्या आळीतल्या बामणांच्या माजघरापर्यंत जायची. त्या आरोळीत मंजुळाचं बहिरेपण गुपचूप लपून राहिलं होतं.

डॉक्टरचं तिने घरी सांगितलं नाही. तिच्या मनाने एक वेगळीच गाठ मारून ठेवली होती: माणसं पुटपुटतात, रेडिओ खरखरतो, त्यांच्यावर कसला भरवसा? पण तार डोळ्यांसमोर हलते. हलली की ती वाजलीच पाहिजे. मग ऐकू आलं तर आलं, नाही तर नाही, मध्ये कुणाला दोष देता येणार नाही. लहानपणी पलीकडच्या पाड्यातला पास्कू लग्नांत गिटार वाजवायचा आणि हिला ती हवी असायची, तेही होतंच. पण हवंसं वाटण्याचे दिवस केव्हाच गेले होते. आता तिला फक्त खरं काय ते पाहिजे होतं. सहाच्या सहा तारा ऐकू आल्या तर डॉक्टर खोटा. मग प्रेसवर जायचं, कुणाला काही बोलायचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी गोदाकाकी सुकट निवडत होती. मंजुळाने तिच्या ओठांवर नजर ठेवली.

"काय गो मंजुळे, बाजा आधी आनलास? नवरा कवा आनतंस?"

"तो पिशवीत मावला नाय, काकी."

काकीचे खांदे हसण्याने हलले. हे जमायचं. टोमण्याला टोमणा जमायचा. पोरीबाळींनी मायेने काही विचारलं की तिथे मात्र पंचाईत व्हायची, कारण माया करणारी माणसं हळू बोलतात.

घरात कुणी नव्हतं. आई बाजारात. मंजुळाने कडी लावली, गिटार मांडीवर घेतली, आधी ती शिट्टी तोंडाला लावली. जाड सूर आला. पुढचा आला. त्याच्या पुढचा लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा... आणि शेवटच्या दोन तोंडांतून निव्वळ श्वास गेला, ओठांना गुदगुल्या करत. शिट्टीच बिघडलेली असणार. स्वस्तातली. तिने ती बाजूला ठेवली आणि तारांकडे वळली. पहिली — हो. दुसरी — हो. तिसरी, चौथी, पाचवी... बारीक तारेवर तिने ती चकती अलगद फिरवली आणि आवाज आला, काचेवर नखाने टिचकी मारावी तसा, स्वच्छ. पुन्हा फिरवली. पुन्हा आला. डॉक्टर खोटा. ती हसली, एकटीच, आणि तिसऱ्यांदा फिरवताना तिने खाली पाहिलं.

चकती तारेच्या वरून गेली होती. तारेला लागलीच नव्हती. तार हलली नव्हती.

आवाज मात्र आला होता. स्वच्छ.

मग तिने तार बोटात धरून जोरात ओढली, सोडली. तार थरथरताना दिसली, पुसट झाली, पुन्हा एक झाली... आणि आता काहीच नाही. मघाशी जे ऐकलं ते कुठून आलं होतं? लहानपणी ऐकलेल्या पास्कूच्या गिटारीतून? इतकी वर्षं ते आत पडून होतं आणि आता हवं म्हणून वाजलं होतं? मग बाकीचं... सकाळी भांडी वाजतात ती? माठात पाणी पडतं ते? यातलं बाहेरून काय येतं आणि मी काय घरातल्या घरात शिजवून स्वतःला वाढते? तिला वाटलं, आपण एका रिकाम्या घरात राहतो आहोत आणि भिंतींना ऐकू जावं म्हणून एकट्याच बोलतो आहोत.

कडी हलताना दिसली. तिने उठून दार उघडलं. आई आत आली, टोपली टेकवली, तिचा खांदा धरून तिला हलवलं. हल्ली आई असंच करायची, आधी खांदा धरायची आणि मग तोंडासमोर येऊन बोलायची. म्हातारपणाने तिचा धीर सुटलाय असं मंजुळाला वाटे.

"कवाची दार ठोकतंय. ह्या काय आनलंस गो?"

शब्द ओठांवर उमटले आणि त्यांच्यासोबत आवाज आला, आईचा, भरदार, गल्ली हलवणारा. मंजुळा त्या ओठांकडे पाहत राहिली. ओठ सुरकुतले होते. गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताणलेल्या, एवढंसं बोलायला इतक्या ताणलेल्या. या गळ्यातून तो आवाज? पन्नाशीतल्या बाईचासुद्धा नव्हता तो. तो तिला कडेवर घेऊन बाजारात उभ्या राहिलेल्या बाईचा होता.

"आये," ती म्हणाली, "तुजा आवाज आता कसा येतो गो?"

आई तोंड वाकडं करून हसली.

"आता इचारतंस? गेला कवाच. दोन दिवाल्या होतील. घशातून नुसती हवा येते. बाजूला बसनारी शेवंती वरडते माज्यासाठी, मी टोपलीमागं बसतंय. सगल्या बाजाराला ठाव हाय." तिने टोपली पायाने बाजूला सारली. "हाक मारली तर तू वलून बघत नसंस. मला वाटं, माजीच हाक पोचत नाय पोरीपर्यंत. म्हनून बोलले नाय कदी."

मंजुळाला हे सगळं ऐकू आलं. गेला कवाच, हेही त्याच खणखणीत आवाजात ऐकू आलं, एक अक्षर न अडखळता. आई अजून समोर उभी होती, काही उत्तर येईल म्हणून तिचे डोळे मंजुळाच्या तोंडावर होते. आपल्या कानांचं सांगायला हवं होतं, आत्ताच. पण सांगताना नजर खाली गेली असती, आणि नजर खाली गेल्यावर काय होईल हे तिला समजत नव्हतं... सगळं बंद होईल, की ती कडेवर घेणारी बाई तिच्या डोक्यात तशीच बोलत राहील, तिला जे ऐकायचं तेच, समोरची म्हातारी गप्प झाली तरी. दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटते तेही तिला ठरवता येईना. ती आईच्या ओठांकडे पाहत उभी राहिली, पापणी न हलवता.