बी. एस. शेडगे, एक जून

सुनयना निकमला कारखान्यात सगळे 'चौकोनवाली मॅडम' म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. तळोज्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ईआरपी नावाचं सॉफ्टवेअर आलं. हजेरी, पगार, खरेदी, गोदाम, जे जे म्हणून आजवर कागदावर चालायचं ते सगळं एका कॉम्प्युटरच्या पोटात गेलं. ते बसवायला आलेले टायवाले लोक दोन महिने एसीची हवा खाऊन परत गेले आणि जाता जाता पर्सोनेल खात्यातल्या सुनयनाला एक गंमत शिकवून गेले. प्रोग्राम लिहायची गरजच नाही. पडद्यावर एक चौकोन काढायचा, त्यात लिहायचं 'असं झालं की'. त्यातून बाण ओढायचा, पुढच्या चौकोनात लिहायचं 'तसं करा'. मग ते काम माणसाने करायचं नाही, आपोआप होतं.

सुनयनाने चौकोनांचा सपाटाच लावला. रजेचा चौकोन, ओव्हरटाइमचा चौकोन, लेट मार्कचा चौकोन. सगळ्यांत गाजला तो निवृत्तीचा. माणसाला अठ्ठावन्न पूर्ण झाली की गेटचं कार्ड बंद, निवृत्तीचं पत्र छापून तयार, फंडाचे कागद तयार, आणि गोदामाला खरेदीची सूचना: शाल एक, नारळ एक. पर्सोनेल मॅनेजर सरनाईक साहेबांना तिने हे खोट्या नावावर करून दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

"नारळसुद्धा?"

"नारळसुद्धा, सर."

पूर्वी एवढ्याच कामासाठी तीन खात्यांत फाइल फिरायची, आणि एवढं करून नारळ नासका निघायचा तो निघायचाच. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून वडापाव खिलवले. चढलेल्या माणसाला आणखी चढवायला वडापाव पुरतो.

मग आलं दुबार नोंदींचं काम. जुन्या रजिस्टरांत कुणाचं नाव दोनदा, कुणाचं तीनदा चढलेलं. टायवाले बजावून गेले होते की एका माणसाला दोन पगार जाता कामा नयेत. सुनयनाने चौकोन काढला: आडनाव, आद्याक्षरं, गाव आणि जन्मतारीख, चारही जुळली तर ती दोन माणसं नव्हेत, एकच माणूस, एक नोंद ठेवा, दुसरी काढा, आणि काढलेल्यांची यादी फोर्टातल्या हेड ऑफिसला पाठवा. शनिवारी संध्याकाळी तिने तो चौकोन चालवला. भराभर नोंदी उडाल्या. ती खुशीत कोपरखैरण्याला घरी गेली आणि आईला म्हणाली, आज मी कारखाना धुऊन काढला.

सोमवारी सकाळी गेटवरून फोन आला आणि ती खाली गेली. गेटला तेव्हा नुकताच लोखंडी दांड्यांचा फिरता अडसर बसवला होता. कार्ड ओढायचं, हिरवा दिवा लागला की दांडी फिरायची, आत जातानाही आणि बाहेर येतानाही. अडसराच्या पलीकडे फिल्टर खात्यातला भैरू शेडगे कार्ड हातात घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे पहिल्या पाळीची माणसं खोळंबली होती.

"मॅडम, याचा कार्ड चालत नाय," धर्मा वॉचमन म्हणाला. धर्मा खाडीकाठच्या गावचा, कारखाना उभा राहिला तेव्हापासून गेटवर. "तीनदा वढला. मशीन बोलतं, असा मानूसच नाय हाय. आता मी याला रोज बगतंय, मंग मी येडा का मशीन येडा?"

"मी मेलो का काय मॅडम?" भैरू हसून म्हणाला. मागची माणसंही हसली. सुनयनाही हसली, कार्डाचा नंबर लिहून घेतला आणि वर येऊन कॉम्प्युटरवर टाकला. पडद्यावर एकच बी. एस. शेडगे होता. बाबासो सखाराम शेडगे, बॉयलर खातं, जन्म एक जून एकोणीसशे चव्वेचाळीस. भैरू सखाराम शेडगे कुठेच नव्हता. एकाच बापाचे, एकाच गावचे दोन भाऊ, आणि दोघांची तारीख एक जून चव्वेचाळीस.

 एक जून म्हणजे काय हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. जुन्या काळी खेड्यातल्या आईबापांना पोराची तारीख ठाऊक नसायची. मास्तर पोराकडे बघायचे, अंदाजाने साल धरायचे आणि तारीख ठोकायचे, एक जून. सुनयनाचा बाप साताऱ्याकडचा, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, त्याची तारीख एक जून. चुलत्याची एक जून. त्यांच्या गल्लीत एक जूनला केक कापायचं ठरवलं असतं तर बेकरी कमी पडली असती. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या पोरीने तो चौकोन काढला होता! अक्कल गहाण टाकली होती का आपण, असं तिने स्वतःलाच विचारलं.

तिने भैरूचं नाव परत घातलं. चौकोन शनिवारपासून चालूच होता, त्याने ते परत काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. तिने चौकोनच पुसायचा म्हटलं, तर यादी पोहोचल्याबरोबर हेड ऑफिसने त्याला कुलूप लावलेलं. आणि तेवढ्यात फॅक्सही आला. सरनाईक साहेब तो हातात घेऊनच आले. ते माणूस वाईट नव्हते, पण हेड ऑफिसचं नाव निघालं की त्यांचा हात आपोआप कॉलरच्या बटणाकडे जायचा.

"ते म्हणतात, दोन शेडगे, एक तारीख, मग एक बोगस. एवढी वर्षं बोगस माणसाला पगार दिला का, असं विचारतायत. दुपारी पगाराची यादी बंद होते. तोपर्यंत दोन माणसं आहेत हे सिस्टिममध्ये दिसलं नाही, तर भैरूचं नाव कायमचं गेलं."

"सर, पण तो खाली गेटवर उभा आहे. दिसतोय."

"मला दिसून काय उपयोग? बाबासोला बोलवा."

बाबासो बॉयलरवरून आला. उंच, वाळकुडा, हाताची काजळी सुती चिंधीला पुसत. खुर्चीच्या कडेवर टेकला. सुनयनाने त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, पण भैरूची नोकरी जाईल म्हटल्यावर उठून उभाच राहिला.

"आवं, त्याच्या दोन पोरी लग्नाच्या हायत. वीस वरसं झाली त्याला हितं. म्याच आनला त्याला."

"बसा, काका. तुम्ही दोघं जुळे आहात का?"

"न्हाई वो. त्यो लई धाकला. गावात शाळा झाली तवा म्या थोराड, त्यो ल्हानगा. मास्तरानं दोगास्नी एका दिशी पैलीत घातलं, एक तारीख दिली. मास्तर म्हनला, पुढं कोन बघतंय?"

साहेबांचा चेहरा उजळला. "मग आपण जुळे लिहू की! मॅडम, एक चौकोन काढा. जुळे भाऊ असतील तर दोन्ही नावं ठेवा. हेड ऑफिस तेवढं मान्य करेल. विषय संपला. काय, बाबासो?"

सुनयनाचा हात कीबोर्डवर गेलाही. बाबासो मात्र चिंधीकडे बघत बसला होता.

"जुळं न्हाई म्हनता यायचं, साहेब."

"अहो, कोण बघायला येणार आहे?"

"आमच्या दोगांच्या मधी एक हुती. गोजरा. मला पाठुंगळी बसायची. तिला पाठीवर घिऊन म्या शेरडं राखायचो. तापानं गेली दोन दिसांत. भैरू तवा पोटात हुता. आईनं पुन्हा तिचं नाव काढलं न्हाई, बापानं न्हाई. तिचा ना फोटू, ना कुठल्या कागदावर नाव. मला ठावं हाय तेवढीच हाय ती." त्याने वर बघितलं. "आमी जुळं म्हनलं, तर तिला ठिवायची कुठं?"

साहेब पंख्याकडे बघायला लागले. सुनयनाने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. बाहेर साहेबांचा टेलिफोन वाजायला लागला. दारातून ते घाईने म्हणाले, "मग तारीख दुरुस्त करा. भैरूचं वय कमी केलेलं चालणार नाही, तसे अर्ज रोज येतात. मोठ्याचं वाढवा. वाढवून घेणाऱ्याला कोण अडवतंय?"

"खरी तारीख काय तुमची, काका?"

"खरी इचारशील तर, मिल्ट्रीची भरती सुरू झाली त्या सालची. एकोनचाळीस. चैतात, आमच्या देवाच्या जत्रंच्या दुसऱ्या दिशी. आई दरसाल सांगती."

सुनयनाने लिहिलं: एप्रिल, एकोणीसशे एकोणचाळीस. किती सोपं होतं! दोन तारखा, दोन माणसं. तिला हायसं वाटलं, इतकं की ती बाबासोकडे बघून हसली. पडद्याने विचारलं, 'नक्की?' तिने 'हो'चं बटण दाबलं. मग भैरूचं नाव परत घातलं, आणि या वेळी ते टिकलं. बाबासो सखाराम, खाली भैरू सखाराम. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी तो वाकून दोन्ही ओळींवरून बोट फिरवत होता.

तेव्हा कोपऱ्यातला प्रिंटर कर्रकर्र करायला लागला.

तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचं काहीतरी असेल. मग टेबलावरचा फोन वाजला. गोदामातून मंजुषा बोलत होती, सुनयनाची मैत्रीण.

"काय गं, शाल एक, नारळ एक आलंय. टेन्शन नाही, आणते. पण जातंय कोण?"

सुनयनाने फोन ठेवला की तो हातातून पडला, ते तिला नंतरही आठवलं नाही. एकोणचाळीसचा जन्म. सत्त्याण्णव साल. अठ्ठावन्न! शाळेतल्या पोराला जमणारी वजाबाकी, आणि ती ना तिने केली, ना साहेबांनी. चौकोनाने केली. तिने तारीख मागे घ्यायचा प्रयत्न केला. वाढवलेलं वय कमी करता येणार नाही, असं पडद्यावर आलं; तो नियमही तिच्याच हातचा. ती साहेबांकडे धावली. साहेबांनी तिच्यासमोरच हेड ऑफिसला फोन लावला, दोनदा "पण सर" म्हणाले आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"ते विचारतात, वय खरं आहे ना? मग चूक कुठे आहे?"

ती परत आली तेव्हा बाबासो प्रिंटरमधून आलेला कागद हातात धरून बसला होता.

"मगाशी दावलंस तसं माझं नाव दिसतंय यावर. भैरूचं हाय का?"

"काका, ते... तुम्ही रिटायर झालात. आजपासून."

त्याला कळायला वेळ लागला. आधी तो म्हणाला, "बॉयलर चालू ठिवून आलोय म्या." मग म्हणाला, "पाच वरसं हुती की माझी." मग कागद टेबलावर ठेवला, त्याला लागलेली काजळी पुसायला गेला आणि ती आणखीच पसरली. सुनयना रडायला लागली. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोसलं असतं.

"आगं पोरी, ह्ये आदी बोलायचंस. गोजरा मेल्याली पोर. तिला म्या समजावलं असतं."

ती त्याच्यामागून गेटपर्यंत गेली. काय करायला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. अडसराच्या पलीकडे भैरू सकाळपासून धर्माच्या स्टुलावर बसून होता. त्याने कार्ड ओढलं आणि हिरवा दिवा लागला.

"दादा, लागलं बघ! जित्ता झालो!" दांडी फिरवत तो आत आला. बाबासोने आपलं कार्ड ओढलं. दिवा लाल. पुन्हा ओढलं. लाल.

"तुजा पन मेला काय?" धर्मा म्हणाला आणि त्याने सुनयनाचा चेहरा बघितला. किल्ल्यांचा जुडगा काढून तो ट्रकचं मोठं गेट उघडायला गेला.

"काय झालं, दादा? काय सांगितलंस तू तिथं वर?"

"काय न्हाई. गोजराचं सांगितलं."

भैरू एकदा बाबासोकडे आणि एकदा सुनयनाकडे बघत होता. हातातलं कार्ड त्याने अजून खिशात घातलं नव्हतं.

"कोन गोजरा?" त्याने विचारलं.