न विचारता कापलेली सुपली

मी पितळी पत्रा बोलतोय, एका इंजिनाच्या केबिनची जमीन. इंजिन म्हणजे खरं धूड नव्हे हं. खऱ्याच्या बाराव्या हिश्शाचं. पण कोळसा खातं, शिट्टी मारतं आणि रविवारी गावच्या बागेत मोठ्या माणसांनासुद्धा पाठीमागे ओढत नेतं. मी पत्त्याच्या पानाएवढा. अंगावर बारीक शंकरपाळ्यांची उठावदार नक्षी. खऱ्या इंजिनात ड्रायव्हरचा बूट घसरू नये म्हणून असते ना, तश्शी. लोक गुडघे टेकून मला बघतात, वाहवा करतात. तेव्हा वाटतं, ह्या भट्टीच्या धगीनं आपण वितळून तरी जावं.

कारण मी पत्रा म्हणून जन्मलोच नाही. मी होतो पितळेची, ह्याच बारीक नक्षीची सुपली. चहापाण्यानंतर टेबलावरचा केकचा चुरा भरून घ्यायची, लाकडी मुठीची. विनिफ्रेडच्या, म्हणजे विनीच्या आईची. तिच्यामागे मी विनीकडे आलो, साइडबोर्डच्या खणात, फ्लॅनेलच्या फडक्यात. वर्षातून दोनदा निघायचो, नाताळला आणि ईस्टरला. विनी मला पुसायची आणि पुन्हा निजवायची.

तिचा नवरा सिरिल हॅग. गिरणीतला फिटर, आता घरी बसलेला. बसलेला कसला, अकरा वर्षं मागच्या शेडमध्ये इंजिनच घडवत होता. सगळं झालं, केबिनची जमीन तेवढी राहिली. मार्चमध्ये अशी छोटी इंजिनं घडवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन. टपालानं नक्षीचा पत्रा मागवला, तर मंडळाच्या ऑग्डेननं त्यावर पट्टी धरली आणि हसला.

"सिरिल, लेका, ह्या मापाच्या शंकरपाळ्यांवर तुझा ड्रायव्हर अडखळून भट्टीत पडेल की रे!"

सिरिलला ते झोंबलं. त्यानं स्वतः पोलादाचा साचा कोरला, तांब्याचा पत्रा तापवून मऊ केला, दाबला. फाटला. दुसरा दाबला, तोही फाटला. तिसऱ्यावर नक्षी उठलीच नाही.

फेब्रुवारीतली दुपार. विनी बाजारात गेलेली. सिरिल सुतळी शोधायला खण उघडतो काय आणि फडकं सुटतं काय! त्यानं खिशातली पट्टी माझ्या पाठीवर टेकवली. तंतोतंत माप. मग किती तरी वेळ तो दाराकडे बघत उभा राहिला.

"अख्खी कुठं हवीय? एवढासा तर तुकडा," तो पुटपुटला. आणि करवत लावली.

माझी लाज इथंच आहे. मला दुखलं नाही. मला आनंद झाला! इतकी वर्षं चुरा भरत आलो, आता इंजिनात बसणार, चार जाणकार बघणार. विनीच्या म्हाताऱ्या आईची मला आठवणसुद्धा झाली नाही.

प्रदर्शनाच्या कागदावर विचारलं होतं, कोणते भाग आयते घेतले? सिरिलनं ती जागा कोरी ठेवली. ऑग्डेन भिंग घेऊन माझ्यावर वाकला, आणि भोवती घोळका जमला.

"अरे, ही कड बघा! ड्रायव्हर उभा राहतो बरोब्बर तिथलीच नक्षी झिजवलीय. वा रे पठ्ठ्या! कशी केलीस?"

"कापडानं," सिरिल म्हणाला. "घासून घासून. महिनाभर."

मंडळाचा चहा विनीकडेच असायचा. ती किटली घेऊन आली. "एवढं काय बघताय घोळक्यानं?" म्हणत तिनं किटली टेकवली, चष्मा सारखा केला आणि वाकली. मग हळूच तिनं अंगठा माझ्या झिजलेल्या कडेवर ठेवला. तो तिथं चपखल बसला. तिची आई जन्मभर मुठीपुढे तिथंच अंगठा टेकवून मला धरायची.

सिरिलच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय वहिनी," ऑग्डेन म्हणाला, "महिनाभर नवरा दृष्टीस पडला नसेल!"

विनीनं अंगठा उचलला. "हो ना. सारखा शेडमध्येच." आणि किटली घेऊन पुढे गेली. सिरिलला करंडक मिळाला.

घरी आल्यावर तिनं कोटही न काढता खण उघडला. मूठ, तीन कडा, आणि मध्ये चौकोनी भोक. ते तिनं टेबलावर ठेवलं.

"विनी, मी परत जोडून देतो. सांधा दिसणार नाही."

"मला दिसेल." ती खुर्चीत बसली. "मागितली असतीस तर दिली असती रे. आईनंच दिली असती. आणि आज मी चारचौघांत खोटं बोलले, तिच्या अंगठ्याच्या जागी अंगठा ठेवून."

दुसऱ्या दिवशी सिरिल करंडक परत करायला गेला. ऑग्डेन हसतच सुटला. "अरे, आपल्यात कोणी घरातलं कापलं नाही? मी बायकोचा बिस्किटांचा डबा कापलाय!" सिरिल हसला नाही. करंडक तिथल्या बाकावर ठेवून चालत घरी आला.

मला उपटून काढायला तो पाना घेऊन बसला, तर विनी म्हणाली, "राहू दे. आणखी एकदा कापू नकोस."

तेव्हापासून मी इथंच. विचारणारे विचारतात, "हॅगसाहेब, एवढा बारीक पत्रा कुठं मिळाला?" सिरिलचे कान लाल होतात, पण तो सांगतो, "सासूबाईंची सुपली कापली. न विचारता." लोकांना ती गंमत वाटते. तो मात्र भट्टीत कोळसा टाकू लागतो.

तर बाबांनो, मला बघायला वाकलात तर माझं माप काढू नका. रुळांपलीकडे टेबलाशी विनी चहा ओतत उभी असते. तिच्याकडे जा, आणि तिच्या आईचं नाव विचारा. मला ते ठाऊक आहे. पण ते मी घ्यावं, असं तोंड मला राहिलेलं नाही.